थायरॉईडची तपासणी: नुसते टीएसएच पुरते केव्हा, आणि पुरत नाही केव्हा

लॅबच्या काउंटरवर जाऊन "थायरॉईड करायचंय" म्हटलं की पलीकडून लगेच प्रश्न येतो, "नुसतं टीएसएच, की पूर्ण प्रोफाइल? पॅकेज घेतलंत तर शुगर, व्हिटॅमिन सगळं होऊन जाईल." अम्मीला घेऊन आलेला मुलगा अशा वेळी एकतर सर्वांत महाग तपासणी निवडतो, नाहीतर सर्वांत स्वस्त. दोन्ही वेळा निवड पैशाकडे बघून होते, दुखण्याकडे बघून नाही.

आमच्याकडे या विषयावर वाचकांचे प्रश्न सतत येतात, त्यात बहुतेक बायकांचे. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, पाळी अनियमित होणं, मूल न राहणं. घरात त्यावर "काम नको म्हणून बहाणे" असा शेराही मारून झालेला असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईड कमी काम करत असल्याचं आढळलं होतं. म्हणजे बहाणा म्हणण्याआधी एक सुई टोचून घ्यायला हरकत नाही. प्रश्न एवढाच, की त्या रक्तातून काय काय मोजायचं.

पहिल्यांदा तपासताय? टीएसएच पुरे

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी टी-४ आणि थोडं टी-३ अशी दोन हार्मोन बनवते. तिला हुकूम देणारी पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते, आणि तिचा हुकूम म्हणजे टीएसएच. थायरॉईड कमी पडू लागली की पिट्युटरी आवाज चढवते, टीएसएच वाढतं. थायरॉईड जास्त धावू लागली की ती गप्प बसते, टीएसएच खाली जातं. त्यामुळे टीएसएचचा आकडा उलटा वाचायचा: जास्त म्हणजे ग्रंथी सुस्त, कमी म्हणजे ग्रंथी तेज. "टीएसएच वाढलंय म्हणजे थायरॉईड जास्त झालाय, आयोडीनचं मीठ बंद करा" असा सल्ला आम्ही स्वतः ऐकलाय. तो साफ उलटा आहे.

टी-४ थोडंसं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटीने चढतं. टी-४ अजून नॉर्मल रेंजमध्ये दिसत असतानाच टीएसएच बिघाड दाखवून देतं. म्हणून मोठ्या माणसाची पहिलीच तपासणी असेल, गरोदरपण नसेल, पिट्युटरीचा त्रास नसेल, तर शिरेतून घेतलेल्या रक्ताचं एक टीएसएच पुरे. खासगी लॅबमध्ये हे साधारण दोनशे ते चारशे रुपयांत होतं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्येही आधी विचारून पाहा.

प्रौढांची नेहमीची रेंज साधारण ०.४ ते ४.५ असते. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून रिपोर्टच्या बाजूला छापलेली रेंजच बघायची. आकडा या रेंजमध्ये आला आणि खाली सांगितलेलं कोणतंही कारण लागू नसेल, तर थायरॉईड सोडून थकव्याचं दुसरं कारण शोधायचं. हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर, झोप. आमच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं थायरॉईडपेक्षाही जास्त सर्रास आहे.

प्रोफाइलमधले बाकीचे आकडे

"टी-३, टी-४, टीएसएच" असं जे तिघांचं प्रोफाइल सर्वत्र विकलं जातं, त्यात बहुतेक वेळा टोटल टी-३ आणि टोटल टी-४ मोजतात. रक्तातलं जवळपास सगळं टी-४ प्रथिनांना चिकटलेलं असतं. शरीराच्या कामी येतं ते मोकळं, म्हणजे फ्री टी-४. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ती प्रथिनं वाढतात, टोटलचा आकडा फुगतो आणि काही बिघडलेलं नसताना रिपोर्टवर लाल खूण येते. त्यामुळे टीएसएच बिघडलेलं निघालं, तर पुढची पायरी म्हणून फ्री टी-४ मागावं. लॅबवाल्याला नीट सांगावं लागतं, "टोटल नको, फ्री."

टी-३ चा उपयोग मुख्यतः तेव्हा, जेव्हा टीएसएच खाली गेलंय आणि ग्रंथी तेज चालल्याची शंका आहे: छाती धडधडते, हात थरथरतात, भूक असून वजन उतरतं. सुस्त थायरॉईडमध्ये टी-३ शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतं. तिथे त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

अँटी-टीपीओ नावाची अँटिबॉडी तपासणी सांगते, की शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली आहे का. टीएसएच किंचित वाढलेलं असताना पुढे रोग वाढेल का, याचा अंदाज बांधायला ती कामी येते. पण ती एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. औषधाचा डोस तिच्यावर ठरत नाही. दर सहा महिन्यांनी अँटिबॉडी करून "कमी झाली का" बघणारी कुटुंबं आम्ही पाहिलीत. तो पैसा वाया जातो.

टीएसएच ४.५ ते १० च्या मध्ये आणि फ्री टी-४ नॉर्मल, असा रिपोर्ट फार जणांचा येतो. घाबरून त्याच दिवशी जन्मभराची गोळी सुरू करण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. सत्तरी ओलांडलेल्या दादी-नानांचा आकडा तर वयामुळेच थोडा वर असू शकतो. मात्र बाई गरोदर असेल किंवा मूल हवं असेल, तर हा थांबा लागू नाही.

नुसतं टीएसएच फसवतं तेव्हा

हा भाग नीट वाचावा, कारण इथेच रिपोर्ट "नॉर्मल" येतो आणि माणूस आजारीच राहतो.

बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेल्या बाईची गोष्ट घ्या. जीव वाचला, पण दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, अंगात ताकद नाही, थंडी सहन होत नाही, बगलेतले केसही गेले. कधी कधी अशी वर्षं निघून जातात आणि घरचे कोणी नजर लागली म्हणतात, कोणी वहम. अशा रक्तस्रावात पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. डॉक्टर याला शीहान सिंड्रोम म्हणतात. हुकूम देणारीच संपली, तर टीएसएच वाढणार कुठून? ते नॉर्मल किंवा कमी येतं, आणि लॅबचा कागद सांगतो सगळं ठीक. इथे टीएसएचबरोबर फ्री टी-४ हवंच, आणि सकाळचं कॉर्टिसोलही. कारण कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. तुमच्या घरात अशी कोणी आपा, भाभी असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: "बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं." हे वाक्य कुठल्याही पॅकेजपेक्षा मोलाचं आहे.

दुसरा फसवा प्रकार केसांच्या गोळ्यांचा. केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बायोटिनचं प्रमाण बऱ्याचदा खूप मोठं असतं. अनेक लॅबच्या मशीनमध्ये तपासणीची पद्धतच बायोटिनवर आधारलेली असते. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटंच कमी आणि फ्री टी-४ खोटंच जास्त दिसतं, म्हणजे ग्रंथी तेज असल्याचा हुबेहूब देखावा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा निकाह ठरलेला असताना असाच रिपोर्ट आला आणि घरात रडारड झाली. गोळ्या बंद करून पुन्हा तपासलं तर सगळं नॉर्मल. केस गळतात म्हणून थायरॉईड तपासणारी बाई बहुधा बायोटिन आधीच खात असते, हीच गंमत आहे. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद करा. डोस मोठा असेल तर किती दिवस आधी, ते डॉक्टरांना विचारा.

तिसरं, ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन असं काही चालू असताना केलेली तपासणी. मोठ्या आजारात थायरॉईडचे आकडे तात्पुरते हलतात. तशीच शंका नसेल तर बरं झाल्यावर महिना-दीड महिन्याने करावी. स्टिरॉईड, हृदयाचं अमिओडारोन, मानसिक आजारासाठीचं लिथियम यांनीही आकडे बदलतात. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या.

गरोदर बाई आणि नवं बाळ

पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चाललेली असते. म्हणून थायरॉईडची गोळी आधीपासून घेणाऱ्या बाईने पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढच्या महिन्याच्या भेटीची वाट बघू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, कारण बहुधा डोस साधारण एक चतुर्थांशाने वाढवावा लागतो. गोळी "गरम पडेल" म्हणून बंद करणं ही सर्वांत मोठी चूक, आणि ती अनेकदा घरातल्या मोठ्या बायकांच्या प्रेमापोटी होते. पाचवा महिना होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच करावं. उपचार चालू असताना ते २.५ च्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो.

गोळी चालू नसली तरी आधी गर्भपात झाला असेल, मूल राहायला वेळ लागला असेल, आई-बहिणीला थायरॉईड असेल, टाईप १ डायबेटिस असेल, तर पहिल्याच रक्ततपासणीत टीएसएच घालून घ्या. इथे नेहमीची रेंज चालत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गरोदरपणाचं हार्मोन स्वतःच थायरॉईडला थोडं ढकलतं, त्यामुळे टीएसएच खाली येणं अनेकदा साहजिक असतं, उलट्या जास्त होणाऱ्यांमध्ये तर आणखी. लॅबला गरोदर असल्याचं सांगितलं नाही, तर कागदावर साध्या प्रौढाची रेंज छापून येते आणि वाचणारा चुकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात धडधड, चिडचिड आणि मग काही महिन्यांनी सुस्ती, उदासी असं झालं तर तेव्हाही टीएसएच आणि फ्री टी-४ तपासा. ग्रंथीला सूज येऊन असं होतं.

आता बाळ. जन्मतः थायरॉईड नसणं किंवा काम न करणं भारतात सुमारे हजार बाळांत एकाला आढळतं. जन्मल्यावर अशी बहुतेक बाळं अगदी छान दिसतात. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरं रडणं, फुगलेली बेंबी, मोठी जीभ ही लक्षणं दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं, आणि ते पुढे भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखंच शाळेत जातं. एवढा फरक टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर पडतो.

हे थेंब जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्यायचे असतात. जन्मताच सगळ्याच बाळांचं टीएसएच उसळतं, त्यामुळे फार लवकर घेतलं तर निरोगी बाळही आजारी दिसतं. काही ठिकाणी नाळेतलं रक्त तपासतात, तेही चालतं. आपल्याकडे ही तपासणी प्रत्येक इस्पितळात आपोआप होत नाही, म्हणून डिस्चार्जच्या वेळी थेट विचारा: "बाळाचं टीएसएच झालं का? रिपोर्ट कुठाय?" लवकर घरी सोडलं असेल तर अकीक्याच्या धावपळीत विसरू नका, सातवा दिवस उजाडण्याआधी हे काम आटपा. संख्या जास्त आली तर शिरेतलं रक्त घेऊन टीएसएच आणि फ्री टी-४ करून खात्री करतात.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जन्मजात दोषाचा एक प्रकार, ज्यात ग्रंथी असते पण हार्मोन बनवता येत नाही, तो आई-वडील दोघांकडून येणाऱ्या जनुकांमुळे होतो. चुलत-मामे भावंडांत निकाह झालेल्या घरात त्याची शक्यता वाढते. अशा घरात एका मुलाला हा त्रास निघाला असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाची तपासणी कुठल्याही परिस्थितीत टाळू नये. यात लाजण्यासारखं काही नाही, लपवण्यात मात्र मुलाचं नुकसान आहे.

रमजान आणि तपासणीची वेळ

रोजा असताना तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमांचं सर्वसाधारण मत आहे. अशक्तपणा येण्याची भीती असेल तर इफ्तारनंतर द्यावं. मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा. पण आमचं म्हणणं वेगळं आहे: गोळी चालू असणाऱ्यांनी नेहमीची तपासणी रमजानमध्ये करूच नये. शाबान लागण्याआधी करावी, म्हणजे डोस बदलायचा झाला तरी हातात वेळ राहतो.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा-एक तास काही खायचं नाही, हा नियम. रमजानमध्ये त्याचे तीन मार्ग: सेहरीच्या अर्धा-एक तास आधी उठून, किंवा इफ्तारला पाण्याबरोबर गोळी घेऊन मगरिबनंतर जेवण, किंवा तरावीह उरकून झोपताना, शेवटचं खाणं होऊन तीन तास झाल्यावर. खजूर, शरबत, चहा घेऊन मग गोळी, असं केलं तर ती नीट शोषली जात नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर ठेवावं. महिनाभर हे वेळापत्रक हललं की ईदनंतर टीएसएच थोडं चढलेलं दिसू शकतं. ईदच्या दुसऱ्या आठवड्यात तपासून लगेच डोस वाढवू नका. नेहमीची वेळ परत लावा आणि सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. डोस बदलल्यावरही हाच सहा ते आठ आठवड्यांचा नियम, कारण टीएसएचला नव्या पातळीवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. दर पंधरा दिवसांनी केलेली तपासणी फक्त लॅबच्या फायद्याची.

टीएसएचसाठी उपाशी राहणं सक्तीचं नाही. पण ते पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी रक्त द्या. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. महिनाभर गोळ्या चुकवून शेवटच्या चार दिवसांत नेमाने घेतल्या तर फ्री टी-४ चांगलं दिसतं, पण टीएसएच खरं सांगून टाकतं.

घरचं किट, सोनोग्राफी, स्कॅन

बोटातून थेंब घेऊन दहा मिनिटांत रेघ दाखवणारं किट आता ऑनलाइन मिळतं. अशी बहुतेक किट टीएसएच ५ च्या वर आहे की नाही, एवढंच सांगतात. सहा आहे की साठ, ते कळत नाही, आणि तेज थायरॉईड तर त्यात सापडतच नाही. गोळीचा डोस त्यावर ठरवता येणार नाही. मनगटावर आयोडीन लावून डाग किती वेळ राहतो ते बघणं, सकाळचं अंगाचं तापमान लिहिणं, यांवर तर विसंबूच नका. आमचे हकीमसाहेब नाडी बघून थायरॉईड सांगतात, असं कोणी म्हणालं तर हकीमसाहेबांचा आदर ठेवून रक्त द्यायला जा. चांगले हकीम स्वतःच टीएसएच लिहून देतात.

सोनोग्राफी ग्रंथीचा आकार आणि गाठी दाखवते, काम दाखवत नाही. गळ्याला हाताला लागणारी गाठ नसेल तर तिची गरज बहुधा नसते. गाठ असेल तर मात्र टीएसएच नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत राहू नये. तिथे सोनोग्राफी हवी, आणि गरज पडल्यास सुईने पेशींची तपासणी. किरणोत्सर्गी औषध देऊन करायचा थायरॉईड स्कॅन टीएसएच कमी असतानाच कामाचा. गरोदर बाईने तो करू नये, दूध पाजणाऱ्या आईने आधी सांगावं. सोनोग्राफीसाठी स्कार्फ काढावा लागतो. लेडी डॉक्टर हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, आयत्या वेळी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडेही महिला टेक्निशियन मागता येते.

लॅब आणि रिपोर्ट

एनएबीएलची मान्यता आहे का, ते रिपोर्टवरच्या चिन्हावरून कळतं. टीएसएच "तिसऱ्या पिढीच्या" किंवा "अल्ट्रासेन्सिटिव्ह" पद्धतीने होतं का, हेही विचारा. तेज थायरॉईड ओळखायला अगदी बारीक आकडा मोजता यावा लागतो. एकदा लॅब ठरली की तीच ठेवा. दोन लॅबच्या मशीन वेगळ्या, त्यांचे आकडे शेजारी ठेवून "वाढलं, कमी झालं" म्हणता येत नाही.

ज्यांच्या घरचे गल्फमध्ये आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या रिपोर्टवर फ्री टी-४ बऱ्याचदा पिकोमोलमध्ये असतं, इथे नॅनोग्राममध्ये. दुबईचा १५ आणि मुंबईचा १.२ हे जवळजवळ एकच आहेत. तिथला आकडा सुमारे १३ ने भागला की इथला मिळतो. सुट्टीवर आलेल्या भाईने "तुझं तर पंधरावरून एकवर आलं" म्हणून डोस वाढवायला लावू नये. टीएसएचचं एकक मात्र दोन्हीकडे नाव वेगळं असलं तरी सारखंच असतं. परदेशातून कोणी "नॅचरल थायरॉईड" म्हणून गोळ्या पाठवत असेल तर डबीवरचं लेबल वाचा; अशी औषधं सहसा डुकराच्या ग्रंथीपासून बनतात. इथे मिळणारं थायरॉक्सिन कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं. शिवाय त्या परदेशी गोळ्यांमध्ये टी-३ पण असतं, त्यामुळे ती घेताना केलेल्या तपासणीचे आकडे वेगळ्याच पद्धतीने वाचावे लागतात. डॉक्टरांपासून ते लपवू नका.